पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन टिकत नाही: फ्लास्क ॲपमधला परत परत उपटणारा बिघाड

"बाय, परत बाहेर काढलं गो मला."

फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या ग्रंथपाल ताईंचा हा फोन मला आधी फेब्रुवारीत आला, मग जूनमध्ये, मग चवथीच्या आधल्या आठवड्यात. वाचनालयाची देवघेव आम्ही वहीवरून एका लहानशा वेब ॲपवर आणली होती. पायथन भाषा, तिच्यात वेब ॲप बांधायची फ्लास्क ही चौकट, लॉगिनसाठी फ्लास्क-लॉगिन ही लायब्ररी, पुढे विनंत्या घेणारा एन्जिनेक्स, मागे ॲप चालवणारा जीयुनिकॉर्न, आणि भाड्याने घेतलेला एका कोअरचा सर्व्हर. सभासद काउंटरसमोर उभा असतो, ताई पुस्तकाचा दाखल क्रमांक टाकतात, 'नोंदवा' दाबतात, आणि पडद्यावर पुन्हा लॉगिनचं पान येतं. दर वेळी नाही. कधी चार पुस्तकं नीट नोंदली जातात, पाचव्याला दार बंद.

मी वाचनालयात गेले तेव्हा ताईंनी वर्गणीच्या रजिस्टरचं शेवटचं पान दाखवलं. त्यावर पेन्सिलीने अकरा पासवर्ड लिहून दहा खोडले होते. आपणच काहीतरी चुकीचं टाइप करतो, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांची चूक नव्हती, एकदाही नव्हती, आणि हे त्यांना आधी सांगायला हवं होतं याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहिते आहे. ज्यांच्याकडे असाच फोन येतो, त्यांनी निदान पहिल्या दिवशी "पासवर्ड बदलून बघा" असं सांगू नये.

सेटिंग्जची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये ती इंग्रजी मोठ्या अक्षरांत, मध्ये अंडरस्कोर घालून येतात.

ओळख पटत नाही, की पटलेली ओळख टिकत नाही?

"लॉगिन होत नाही" या एका वाक्यात दोन वेगळे बिघाड दडलेले असतात. एकात सर्व्हरला माणूस ओळखता येत नाही: नाव सापडत नाही, पासवर्डचा हॅश (त्यावरून काढलेला, उलटा न फिरवता येणारा ठसा) जुळत नाही, खातं बंद ठेवलेलं असतं. दुसऱ्यात सर्व्हर माणसाला ओळखतो, आत घेतो, आणि पुढच्याच क्लिकला विसरतो. पासवर्डचा संबंध फक्त पहिल्याशी आहे. दुसरा सगळा कुकी (सर्व्हरने ब्राउझरकडे ठेवायला दिलेली चिठ्ठी) आणि सेशन (आत घेतलेल्या माणसाची आठवण) यांचा मामला.

फरक ओळखायला अर्धा मिनिट लागतो. ब्राउझरमध्ये एफ १२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, 'प्रिझर्व्ह लॉग'वर खूण करा आणि लॉगिन करा. लॉगिनच्या विनंतीला ३०२ (दुसऱ्या पानाकडे जा) उत्तर आलं आणि त्यासोबत सेट-कुकी हेडर आलं, तर बहुतेक वेळा ओळख पटलेली आहे. २०० उत्तर येऊन तेच पान पुन्हा दिसलं, तर ओळखीतच अडलं. ताईंच्या संगणकावर ३०२ आलं, कुकी आली, पुढचं पान उघडलं, त्यापुढचंही उघडलं. नंतर पुन्हा ३०२, पण या वेळी लॉगिनच्या पानाकडे.

म्हणजे ओळख पटत होती, पण टिकत नव्हती. त्या अकरा पासवर्डांचा याच्याशी काही संबंध नव्हता.

फेब्रुवारी: तीन वर्कर, तीन किल्ल्या

फ्लास्कचं सेशन सर्व्हरवर साठवलेलं नसतं. ते कुकीतच असतं. कुकी टिंबांनी जोडलेल्या तीन तुकड्यांची असते: पहिला मजकूर, दुसरा वेळ, तिसरा सही. मजकूर गुप्त नसतो, बेस ६४ उलगडलं की कोणालाही वाचता येतो. कुकी टिंबानेच सुरू होत असेल, तर मजकूर आधी झेडलिबने आवळलेला आहे एवढंच. संरक्षण आहे ते सहीचं, आणि सही होते सर्व्हरच्या गुप्त किल्लीने, म्हणजे 'सीक्रेट की'ने.

सही जुळली नाही तर फ्लास्क काय करतो? गप्प राहतो. चूक दाखवत नाही, लॉगमध्ये ओळ लिहीत नाही. नवं, रिकामं सेशन हातात देतो आणि पुढे जातो. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण बिघाड शोधणाऱ्याला त्यामुळे काहीच दिसत नाही. मी दोन दिवस एन्जिनेक्सचे आणि ॲपचे लॉग चाळत होते, त्यांत एकही लाल ओळ नव्हती.

मग प्रत्येक विनंतीच्या आधी चालणारं एक छोटं फंक्शन लिहिलं. त्यात फक्त तीन गोष्टी नोंदवायच्या: विनंती कोणत्या प्रोसेसकडे (ॲपच्या कोणत्या चालू प्रतीकडे, म्हणजे वर्करकडे) आली, सोबत सेशनची कुकी होती का, आणि उलगडल्यावर सेशन भरलेलं निघालं की रिकामं. पासवर्ड किंवा पूर्ण कुकी लॉगमध्ये कधीच लिहू नका, एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंच्या कामातल्या या ओळी मिळाल्या:

०९:४१:०७ · प्रोसेस ४१२७ · कुकी आली · सेशन भरलेलं
०९:४१:१९ · प्रोसेस ४१२७ · कुकी आली · सेशन भरलेलं
०९:४१:३३ · प्रोसेस ४१२९ · कुकी आली · सेशन रिकामं
०९:४१:३४ · प्रोसेस ४१२८ · कुकी आली · सेशन रिकामं
०९:४१:५२ · प्रोसेस ४१२७ · कुकी आली · सेशन रिकामं · फॉर्म नाकारला

यात सगळं आहे. ४१२७ ने लॉगिन करून घेतलं, कुकीवर स्वतःच्या किल्लीने सही केली. त्याच्याकडेच विनंत्या जात होत्या तोवर ठीक. तिसरी विनंती ४१२९ कडे गेली. त्याची किल्ली वेगळी, म्हणून सही जुळली नाही, म्हणून सेशन रिकामं. फ्लास्क-लॉगिनने "कृपया लॉगिन करा" हा संदेश सेशनमध्ये टाकला, त्यामुळे सेशन बदललं, आणि ताईंच्या चांगल्या कुकीवर ४१२९ ची नवी कुकी चढली. जुनी कुकी गेलीच. लॉगिनचं पान ४१२८ ने दिलं, फॉर्म परत गेला ४१२७ कडे. त्याला त्या सेशनमधलं सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आला हे पटवणारी खूण) सापडेना, म्हणून बरोबर पासवर्ड भरलेला फॉर्मही त्याने नाकारला. ताईंना दिसत होतं ते एवढंच, की पासवर्ड दिला आणि घेतला नाही.

किल्ल्या वेगळ्या कशा झाल्या? कॉन्फिगमध्ये ओळ अशी होती: एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रोग्राम सुरू होताना त्याला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंग्जमध्ये) सीक्रेट की असेल तर ती घ्या, नसेल तर 'ओएस डॉट युरँडम'ने २४ बाइटांची यादृच्छिक किल्ली तयार करा. शिकवणीच्या कित्येक लेखांत ही ओळ दिसते. जीयुनिकॉर्नच्या शिफारशीप्रमाणे आम्ही वर्करांची संख्या कोअरच्या दुप्पट अधिक एक ठेवली होती, म्हणजे तीन. प्रीलोड (ॲप एकदाच लोड करून सगळ्या वर्करांना देणं) बंद असताना प्रत्येक वर्कर ॲप स्वतंत्रपणे लोड करतो, म्हणून तीन वर्करांनी तीन किल्ल्या बनवल्या. माझ्या लॅपटॉपवर हा बिघाड कधीच दिसला नाही, कारण तिथे एकच प्रोसेस चालते.

प्रीलोड चालू केलं तर तिन्ही वर्करांना एकच किल्ली मिळते आणि दुखणं बरं झाल्यासारखं वाटतं. त्यावर थांबू नका. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की किल्ली नवी होते आणि सगळे एकदम बाहेर पडतात.

मी 'सीक्रेट्स' मॉड्यूलच्या 'टोकन हेक्स'ने ६४ अक्षरांची किल्ली बनवली, एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवली, सेवा सुरू केली. फोन थांबले. काम संपलं असं मला वाटलं.

जून: तोच बिघाड परत कसा आला

पहिल्या मोठ्या पावसात भाड्याच्या सर्व्हरवाल्यांनी देखभालीसाठी यंत्र बंद करून चालू केलं. दुसऱ्या सकाळी ताईंचा फोन आला, शब्द तेच.

फेब्रुवारीत मी ती किल्ली माझ्या युजरच्या 'बॅशआरसी' फाइलमध्ये (ती टर्मिनल उघडताना वाचली जाते) लिहिली होती आणि जीयुनिकॉर्न टर्मिनलमधून हाताने सुरू केला होता. टर्मिनलला किल्ली माहीत होती, म्हणून जीयुनिकॉर्नलाही मिळाली. यंत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा ॲप चालवलं सिस्टमडीने, म्हणजे यंत्रासोबत सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामने, आणि सिस्टमडी बॅशआरसी वाचत नाही. किल्ली मिळाली नाही. कॉन्फिगमधली ती सोयीची ओळ अजून तिथेच होती. तिने पुन्हा तीन किल्ल्या बनवल्या.

परत परत येणाऱ्या लॉगिनच्या तक्रारींमध्ये हे कारण मी यानंतर आणखी दोघांकडे पाहिलं. दुरुस्ती चालू प्रोसेसमध्ये होते, यंत्राच्या सुरुवातीच्या वाटेत होत नाही. पुढचा रीस्टार्ट आला की सगळं जिथल्या तिथे.

या वेळी नीट केलं. किल्ली एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवली, मालकी रूटकडे (यंत्राच्या मुख्य खात्याकडे), परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी), आणि सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये 'एन्व्हायर्नमेंट फाइल' म्हणून तिचा पत्ता दिला. त्या फाइलमध्ये नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत एवढंच लिहायचं, पुढे 'एक्स्पोर्ट' नको. ही फाइल कोडसोबत गिटमध्ये (कोडच्या साठ्यात) जाऊ देऊ नका.

मग कॉन्फिगमधली ती "नसेल तर बनवा" ओळ काढून टाकली. आता किल्ली नसेल तर ॲप सुरूच होत नाही, स्पष्ट चूक देऊन थांबतं. काहींना हे टोकाचं वाटतं. मला नाही वाटत. ॲप सुरू झालं नाही तर ते मला पाच मिनिटांत कळतं. अर्धवट चालणारं ॲप मात्र काउंटरवरच्या माणसाला आठवडाभर छळतं आणि तो स्वतःला दोष देतो.

एक जोड आणखी दिली. प्रत्येक वर्कर सुरू होताना किल्लीचा एसएचए-२५६ हॅश काढून त्याची पहिली आठ अक्षरं लॉगमध्ये लिहितो. किल्ली उघड होत नाही, पण तिन्ही वर्करांची अक्षरं एकच आहेत का, कालची आणि आजची एकच आहेत का, हे एका नजरेत दिसतं.

किल्ली मुद्दाम बदलायची वेळ आली, तर फ्लास्क ३.१ पासून 'सीक्रेट की फॉलबॅक्स' आहे. जुनी किल्ली त्या यादीत ठेवली की जुन्या कुक्या चालत राहतात, नव्या कुक्या नव्या किल्लीने होतात, आणि कोणाला बाहेर काढावं लागत नाही. जँगो या पायथनच्या दुसऱ्या चौकटीत हीच सोय ४.१ पासून आहे.

चवथीच्या आधी: किल्ली एकच, तरी बाहेर

तिसरा फोन आला तेव्हा मी आधी ती आठ अक्षरं पाहिली. तिन्ही वर्करांची एकच होती. प्रोसेस कोणतीही असो, बाहेर काढणं चालूच होतं. म्हणजे लक्षण तेच, पण कारण दुसरं.

सुगावा लागला तो चिटणिसांच्या बोलण्यातून. ते नोकरीला पणजीला असतात. ऑफिसात वायफायवर लॉगिन करून राखीव पुस्तकांची यादी बघतात आणि संध्याकाळी कदंब बसमध्ये बसले की ती पुरी करतात. "बसमध्ये मोबाइल उघडला की दर वेळी नव्याने आत जावं लागतं," ते म्हणाले. "घरी पोचल्यावर परत एकदा."

मी त्यांना कुकीचा पहिला तुकडा उलगडायला लावला. फ्लास्क-लॉगिन सेशनमध्ये आयडी नावाची एक किंमत ठेवतं. ती म्हणजे आलेला आयपी पत्ता (जोडणीचा इंटरनेटवरचा पत्ता) आणि ब्राउझरची ओळख यांचा मिळून एसएचए-५१२ हॅश. ऑफिसमधली किंमत आणि बसमधली किंमत वेगळी होती. आमच्या कोडमध्ये 'सेशन प्रोटेक्शन' 'स्ट्राँग' केलेलं होतं. या रीतीत आयपी किंवा ब्राउझर बदलला की फ्लास्क-लॉगिन सेशन पुसतं आणि 'मला लक्षात ठेवा'ची कुकीही काढून टाकतं.

वाचनालयात तर कोणी बसमधून फिरत नव्हतं. तिथे काय होत होतं? फायबरची तार पावसात दिवसातून दोन-तीनदा जात होती आणि राउटर आपोआप आतल्या सिमकार्डवर जात होता. इंटरनेट बंद पडत नव्हतं, म्हणून ताईंना काहीच जाणवत नव्हतं. पण बाहेरून दिसणारा आयपी बदलत होता. तार परत आली की पुन्हा बदलत होता. म्हणजे तार एकदा गेली की ताई दोनदा बाहेर.

चोरलेली कुकी दुसऱ्या ठिकाणाहून वापरता येऊ नये, हा 'स्ट्राँग'मागचा विचार चांगला आहे. पण जिथे जोडणी रोज तुटते आणि माणसं वायफाय व मोबाइल डेटा यांच्यात सतत ये-जा करतात, तिथे तो चालत नाही. आम्ही 'बेसिक'वर आलो, जी फ्लास्क-लॉगिनची मूळची रीत आहे. त्यात आयपी बदलला तर सेशन जात नाही, फक्त 'ताजं' राहत नाही. मग जी कामं खरोखर नाजूक आहेत, अनामत परत करणं, सभासद काढून टाकणं, पासवर्ड बदलणं, तेवढ्यांवर 'फ्रेश लॉगिन रिक्वायर्ड' लावलं. तिथे पासवर्ड पुन्हा विचारला जातो. पुस्तक द्यायला-घ्यायला विचारला जात नाही.

दुसरा मार्ग म्हणजे सेशन 'परमनंट' करणं. तसं केलं तर 'स्ट्राँग' असूनही फ्लास्क-लॉगिन 'बेसिक'सारखं वागतं. पण हा आडमार्ग आहे, सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला कळणार नाही. सरळ 'बेसिक' लिहा.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचं दुहेरी दार

हे थोडक्यात. नोटीस बोर्डवरच्या क्यूआर कोडमध्ये पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवाय होता, सभासदांना पाठवलेल्या संदेशात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह. दोन्ही उघडत होते. ब्राउझरच्या दृष्टीने ती दोन वेगळी ठिकाणं, एकाची कुकी दुसऱ्याकडे जात नाही. एन्जिनेक्समध्ये एक पत्ता दुसऱ्याकडे ३०१ ने वळवा, प्रश्न मिटला. असंच 'सेशन कुकी सिक्युअर' (कुकी फक्त एचटीटीपीएसवर पाठवणारं सेटिंग) चालू ठेवून साइट साध्या एचटीटीपीवर उघडली, तर कुकी जातच नाही आणि माणूस लॉगिनच्या पानावरच फिरत राहतो.

किनाऱ्यावर अडलेला पासवर्ड

आता पहिला प्रकार, जिथे ओळखच पटत नाही. यातला एक बिघाड आपल्या लिपीचा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. इंग्रजी कागदपत्रांत तो क्वचितच सापडेल.

एका निवृत्त शिक्षिकेने पासवर्ड मराठीत ठेवला होता. ठेवावाच, लक्षात राहतो आणि अंदाज बांधायला अवघड जातो. घरच्या संगणकावरून त्यांचं लॉगिन होई, मोबाइलवरून कधीच नाही. त्यांनी मला बोलावून दोन्हीकडे एकेक अक्षर टाइप करून दाखवलं. पासवर्डात 'किनाऱ्यावर' हा शब्द होता. डोळ्यांना दोन्हीकडे अगदी सारखा.

अडचण त्या अर्ध्या र मध्ये आहे. 'ऱ्या' दोन प्रकारे लिहिता येतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ आणि हलंत वापरतात. काही साधा र, हलंत आणि त्यानंतर शून्य रुंदीचं जोडचिन्ह घालतात, जे पडद्यावर दिसतच नाही. पायथनमध्ये दोन्ही शब्दांची लांबी मोजून बघा: एक १० चिन्हांचा निघतो, दुसरा ११. यूटीएफ-८ मध्ये आपल्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे एक शब्द ३० बाइटांचा आणि दुसरा ३३. हॅश करणाऱ्याच्या लेखी ते दोन वेगळे पासवर्ड आहेत.

'युनिकोडडेटा' मॉड्यूलने नॉर्मलाइझ करा, म्हणजे एकाच ठराविक रूपात आणा, असा सल्ला लगेच मिळतो. अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या ८००-६३बी या मार्गदर्शिकेतही युनिकोड पासवर्ड हॅश करण्याआधी नॉर्मलाइझ करावेत असं सांगितलं आहे. ते कराच, पण इथे तेवढ्याने भागत नाही. र आणि सुटा नुक्ता यांचा एक ऱ त्यातून होतो, जोडचिन्हाचा र मात्र तसाच राहतो. म्हणून आम्ही एक फंक्शन लिहिलं: र, हलंत, जोडचिन्ह असा क्रम दिसला की त्या जागी ऱ आणि हलंत घाला, उरलेली शून्य रुंदीची चिन्हं काढा, मग एनएफकेसी (युनिकोडच्या ठराविक रूपांपैकी एक) करा. हेच फंक्शन नाव नोंदवताना, लॉगिन करताना आणि पासवर्ड बदलताना, तिन्ही ठिकाणी. एका जागी विसरलात तर नवा बिघाड तयार होतो.

जुन्या सभासदांचे हॅश आधीच्या रूपांचे आहेत. त्यांच्यासाठी लॉगिनच्या वेळी आलेला पासवर्ड आधी तसाच तपासा, मग जोडचिन्हाच्या रूपात, मग ऱ च्या रूपात. कुठलंही जुळलं की नव्या रूपाचा हॅश करून ठेवा. कोणालाही पासवर्ड बदलायला सांगावं लागत नाही.

याच कामात दुसरी गोष्ट हाती लागली. आमचे हॅश बीक्रिप्ट या पद्धतीचे होते. बीक्रिप्ट पासवर्डचे पहिले ७२ बाइटच बघतो. इंग्रजीत ती ७२ अक्षरं होतात, मराठीत अवघी २४ चिन्हं, आणि त्यांत काना, मात्रा, हलंत सगळं मोजलं जातं. पायथनच्या बीक्रिप्ट लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्या पुढचा भाग न सांगता सोडून देत, पाचव्या आवृत्तीपासून ती चूक देते. म्हणजे लायब्ररी नवी केली की लांब मराठी पासवर्डवाल्यांचं लॉगिन अचानक ५०० (सर्व्हरची चूक) देऊन कोसळू शकतं. मराठी माणसांसाठी ॲप करत असाल तर आर्गॉन २ घ्या. २०१५ साली पासवर्ड हॅशिंगच्या स्पर्धेत तोच विजेता ठरला होता आणि त्याला ही ७२ बाइटांची मर्यादा नाही.

आणि युजरनेममागची रिकामी जागा काढून टाका. मोबाइलचा कीबोर्ड शब्द सुचवून पुढे जागा सोडतो, पहिलं अक्षर मोठं करतो. युजरनेम नोंदतानाच छोट्या अक्षरांत आणा. पासवर्डात मात्र असला फेरफार करू नका.

घड्याळ

सत्तरी तालुक्यातल्या एका दूध संस्थेत माझ्या मैत्रिणीने असंच फ्लास्क ॲप बसवलं आहे. सर्व्हर म्हणजे तिथलाच एक जुना डेस्कटॉप. पहाटे सहाला दूध घालायला रांग लागते. रात्री वीज गेली असेल त्या सकाळी लॉगिन केलेल्या सगळ्यांना बाहेर काढलेलं असे, आणि नऊच्या सुमाराला पुन्हा एकदा सगळे बाहेर.

पावत्यांवरच्या तारखांनी उत्तर दिलं. त्या सकाळच्या पावत्यांवर कित्येक वर्षांपूर्वीचं साल छापलं गेलं होतं. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला होता. वीज गेली की घड्याळ मागे पडे. कुकीच्या दुसऱ्या तुकड्यात वेळ असते, आणि सही तपासणारी 'इट्सडेंजरस' लायब्ररी भविष्यातली वेळ असलेली सही नाकारते. मागे पडलेल्या घड्याळाला कालची कुकी भविष्यातली वाटे. नऊला इंटरनेट येऊन घड्याळ सुधारे, तेव्हा पहाटेच्या कुक्या वर्षानुवर्षं जुन्या ठरत, आणि फ्लास्कची मूळ मुदत ३१ दिवसांची. सेल बदलला. शिवाय घड्याळ जुळेपर्यंत ॲप सुरू होऊ नये असं सिस्टमडीत लिहिलं, आणि त्यासाठी इंटरनेटचा एक स्वस्त डोंगल कायम जोडून ठेवला.

जँगोवाल्यांसाठी

जँगोचं सेशन मुळात डेटाबेसमध्ये असतं. पण सेशन कॅशमध्ये ठेवलं आणि कॅश 'लोकमेम' (प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीतली) असली तर प्रत्येक प्रोसेसची कॅश वेगळी, आणि लक्षण हुबेहूब तेच. डेटाबेसमध्ये ठेवूनही किल्ली बदलली की सगळे बाहेर पडतात, कारण सेशनमधल्या पासवर्डच्या खुणेत किल्ली मिसळलेली असते. ४.० पासून 'सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स'मध्ये पत्त्याआधी एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस लिहावंच लागतं. आणि युजर 'क्रिएट'ने नव्हे, 'क्रिएट युजर'ने करा, नाहीतर पासवर्ड हॅश न होता तसाच साठवला जातो आणि ओळख कधीच पटत नाही.

रीस्टार्टची परीक्षा

तिन्ही दुरुस्त्या झाल्यावर मी ताईंना विचारून वाचनालय दुपारी बंद असतं ती वेळ घेतली. त्यांनी सकाळी लॉगिन करून संगणक तसाच ठेवला. दोन वाजता मी सर्व्हर रीबूट केला, नुसती सेवा नव्हे, अख्खं यंत्र. हाताने काही सुरू केलं नाही. लॉगमध्ये तीन वर्करांची आठ-आठ अक्षरं आली: एकमेकांसारखी आणि सकाळच्यासारखी. मग राउटरची फायबरची वायर उपटली, सिमवर येऊ दिला, पाच मिनिटांनी परत लावली.

लॉगिनच्या पानावरचा संदेशही बदलला. कुकी आली आणि सेशन रिकामं निघालं, तर आता नुसतं "कृपया लॉगिन करा" येत नाही. "आधीचं लॉगिन संपलं आहे. तुमचा पासवर्ड बदलायची गरज नाही," असं येतं, आणि मला एक नोंद मिळते.

साडेतीनला वाचनालय उघडलं. ताईंनी पहिलं पुस्तक नोंदलं, मग दुसरं, मग दिवाळी अंकांच्या योजनेची वर्गणी. वर्गणीला पासवर्ड विचारला गेला नाही. एका सभासदाची अनामत परत करताना विचारला गेला, आणि त्यांनी तो न अडखळता, रजिस्टर न उघडता टाइप केला.